ऐनवेळी नाही, आधी सांगा: सासूबाईंना घेऊन केलेला जपान

जपानहून परतल्यापासून ओळखीतले लोक फोन करतात. पहिला प्रश्न ठरलेला, "खाण्याचं काय केलंत?" मग पैशांचा, आणि मग "तिकडचे लोक फार शिस्तीचे ना?" या तिन्हींना माझ्याकडे एकच उत्तर आहे. जपानमध्ये जे हवं ते आधी सांगा. आधी सांगितलंत तर तिथली माणसं तुमच्यासाठी जिवाचं रान करतील. ऐनवेळी सांगितलंत तर साधी आमटीसुद्धा बदलून मिळणार नाही. आपण 'बघू तिथे गेल्यावर' म्हणत वाढलेली माणसं, त्यामुळे हे पचायला जरा जड जातं.

आम्ही तिघं होतो: मी, नवरा आणि सासूबाई. सासूबाई सत्तरीच्या पुढच्या, गुडघे दुखरे, अंडंही चालत नाही. त्यात निघालो दिवाळीच्या सुट्टीत, म्हणजे चातुर्मास अजून संपला नव्हता आणि कांदा-लसूणही बंद. "तुम्ही दोघं जाऊन या, मी घर सांभाळते," हे त्यांनी बरेच दिवस म्हणून पाहिलं. शेवटी तयार झाल्या त्या एका अटीवर: "माझ्यामुळे तुमची फरफट होणार नसेल तरच." ती होऊ नये म्हणून मी जे काही केलं, त्यातलं बहुतेक सगळं पुण्यातल्या जेवणाच्या टेबलावर बसून, निघायच्या आधी केलं.

ऋतूचं आधी सांगते. आपल्याकडचे लोक हटकून मे महिन्याच्या सुट्टीत निघतात. पण एप्रिलच्या अखेरीपासून ५ मेपर्यंत जपानमध्ये सुट्ट्या एकामागोमाग येतात, त्याला गोल्डन वीक म्हणतात, आणि तेव्हा अख्खा देश घराबाहेर पडलेला असतो. गाड्यांची तिकिटं संपतात, हॉटेलांचे दर चढतात. जाणारच असाल तर तो आठवडा सोडून जा. पुढे जूनमध्ये तिथे पाऊस सुरू होतो. दिवाळीची सुट्टी खरं तर फार सोयीची. हवा गार आणि कोरडी असते, डोंगरावर मेपलची पानं लाल व्हायला लागलेली असतात.

व्हिसापासूनच त्या देशाचा स्वभाव कळायला लागतो. अर्जाबरोबर प्रवासाचा तक्ता द्यायचा असतो. कुठल्या तारखेला कुठल्या गावात, काय बघणार, रात्री कुठे, त्या जागेचा पत्ता आणि फोन. नवऱ्याला हा जाच वाटला. मला मात्र त्या तक्त्याचा पुढे फार उपयोग झाला, कारण तो भरताना प्रत्येक रात्रीची जागा ठरवावीच लागली, आणि जागा ठरली की तिथे ई-मेल पाठवता येतं. महाराष्ट्रातले अर्ज मुंबईच्या जपानी वाणिज्य दूतावासाकडे जातात, ते व्हिसा केंद्रावर जाऊन द्यायचे. १ एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या पर्यटकांना ई-व्हिसा मिळतो, पासपोर्टवर स्टिकर लागत नाही. यात एक मेख आहे. विमानतळावर व्हिसाचं ते पान फोनवर, इंटरनेट चालू ठेवून, तिथल्या तिथे उघडून दाखवायचं असतं. स्क्रीनशॉट, पीडीएफ किंवा छापील कागद चालत नाही. त्यामुळे उतरल्यावर सिम घेऊ असं म्हणू नका. ई-सिम किंवा रोमिंग घरूनच चालू करून घ्या. सासूबाईंच्या फोनवरही मी ई-सिम टाकलं आणि ते पान त्यांच्याकडून दोन-तीनदा उघडून घेतलं. इमिग्रेशन आणि कस्टम्सची माहिती 'व्हिजिट जपान वेब' या सरकारी संकेतस्थळावर आधी भरली की एक क्यूआर कोड मिळतो. विमानात पेन शोधत बसावं लागत नाही.

औषधांकडे मात्र बारकाईने बघा. ज्येष्ठ मंडळी बरोबर असली की बॅगेत अर्धं मेडिकलचं दुकान असतंच. डॉक्टरांनी लिहून दिलेली नेहमीची औषधं एका महिन्यापुरती नेता येतात, दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारी दोन महिन्यांपुरती. त्याहून जास्त हवी असतील तर निघण्याआधी अर्ज करून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ही झाली साधी औषधं. काही औषधांबाबत जपानचे कायदे आपल्यापेक्षा पुष्कळ कडक आहेत. सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण १० टक्क्यांहून जास्त असतं त्या नेताच येत नाहीत. कोडीनवाल्या खोकल्याच्या औषधांवरही निर्बंध आहेत. एकाग्रतेसाठी दिली जाणारी अ‍ॅम्फेटामिनची औषधं तर पूर्ण बंद, मग डॉक्टरांची चिठ्ठी असो वा नसो. आम्ही सगळ्या स्ट्रिप्स मूळ पाकिटात ठेवल्या, त्यावर रसायनाचं नाव दिसेल अशा, आणि आमच्या फॅमिली डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी लिहून घेतली. घरातलं खोकल्याचं सिरप घरीच ठेवलं.

फराळ नेला. चकली, चिवडा, शंकरपाळे, बेसनाचे लाडू, शिवाय मेतकूट आणि तीन प्रकारच्या कोरड्या चटण्या. यातल्या कशालाच अडचण आली नाही. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, हिरव्या मिरच्या हे मात्र आपल्या देशातलं तपासणीचं प्रमाणपत्र असल्याशिवाय नेता येत नाही, आणि मांस कुठल्याही रूपात नको; चिकनचे तुकडे असलेले झटपट नूडल्ससुद्धा नकोत. निघताना शेजारच्या काकूंनी प्रेमाने दिलेली लिंबं मी विमानतळावर सोडायला आलेल्या दिराच्या हातात परत दिली.

पैशांचं थोडक्यात. एक येन म्हणजे आपले साधारण पंचावन्न-साठ पैसे. मोठ्या शहरांत कार्ड चालतं, पण देवळांची तिकिटं, छोटी खानावळ, खेड्यातली बस इथे रोकड लागते. सेव्हन-इलेव्हन दुकानातल्या एटीएमवर परदेशी कार्डं चालतात. टिप द्यायची नाही. दिलीत तर माणूस मागे पळत येऊन परत करेल. गल्ल्यावर छोटी ताटली असते, पैसे हातात न देता तिच्यात ठेवायचे. लोकल, मेट्रो, बस यांसाठी सुइका, पासमो किंवा इकोका यांपैकी एक कार्ड घेतलं की देशातल्या बहुतेक मोठ्या शहरांत चालतं. प्लॅस्टिकचं कार्ड रोख भरूनच रिचार्ज होतं, २० हजार येनपर्यंत. कार्ड माणशी एक हवं. तिघांत एक असं जमत नाही.

रेल्वेच्या पासाबद्दल जुने सल्ले अजून फिरत असतात. सात दिवसांचा जेआर पास, म्हणजे जपान रेल्वेचा पर्यटकांसाठीचा पास, ऑक्टोबर २०२३ पर्यंत २९,६५० येनला होता, तो एकदम ५०,००० झाला. टोकियो ते क्योतो नोझोमी या सगळ्यात जलद शिंकान्सेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं, आरक्षित तिकीट १४ हजारांच्या आसपास पडतं. जाऊन-येऊन २८ हजार. म्हणजे नेहमीच्या टोकियो-क्योतो-ओसाका फेरीला पास परवडतच नाही, वर नोझोमीत बसायला त्या पासावर वेगळे पैसे भरावे लागतात. वहीत हिशेब मांडा आणि मग ठरवा. आम्ही सुटी तिकिटं काढली. शिंकान्सेनची तिकिटं बऱ्याचदा दोन असतात, एक अंतराचं आणि एक जलद गाडीचं. गेटमध्ये दोन्ही एकदम सरकवायची. क्योतोकडे जाताना फुजी उजव्या हाताला दिसतो, त्यासाठी 'ई' आसन मागा. सासूबाईंना तिथे बसवलं होतं. आभाळ स्वच्छ होतं, पण त्या नेमक्या डबा उघडून लाडू वाटत होत्या. "अगं, दिसला की, टोपी घातलेला," एवढं म्हणून त्यांनी लाडू पुढे केला.

शिंकान्सेनमध्ये खायला काहीच हरकत नाही, उलट स्टेशनवर त्यासाठी डबे विकतात. लोकलमध्ये मात्र कोणी खात नाही आणि फोनवर बोलत नाही. आमच्या घरातली माणसं मुळातच मोठ्या आवाजाची. पहिल्या दिवशी नवऱ्याने लोकलमध्ये ऑफिसचा फोन घेतला. कोणी काही बोललं नाही, कोणी वळूनही पाहिलं नाही, फक्त समोरच्या आजोबांनी डोळे मिटून घेतले. टोकलं कोणी नाही म्हणजे चाललं असं तिथे समजू नये. सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे उभं राहतात, ओसाकात उजवीकडे. पुढच्या माणसाकडे बघून उभं राहिलं की झालं. गर्दीच्या वेळी काही डबे फक्त बायकांसाठी असतात, फलाटावर गुलाबी खूण असते. शेवटची लोकल मध्यरात्रीच्या सुमारास जाते, त्यानंतर टॅक्सी, आणि ती महाग. टॅक्सीचं दार आपोआप उघडतं, मिटतंही आपोआप. सासूबाई उतरताना दरवेळी ते लावायला जायच्या आणि चालक दरवेळी खिडकीतून हात हलवून "नको नको" करायचा.

सामानाबाबत 'आधी सांगा'चा सगळ्यात मोठा फायदा झाला. बॅगेची लांबी, रुंदी, उंची यांची बेरीज १६० सेंटिमीटरच्या वर गेली तर टोकियो-ओसाका-ओकायामाच्या तोकाइदो-सान्यो मार्गावरच्या शिंकान्सेनमध्ये डब्याच्या टोकाची ठरावीक आसनं आरक्षित करावी लागतात, त्यांच्या मागे बॅग ठेवायला जागा असते. त्याचे जादा पैसे नाहीत. आधी केलं नाही आणि गाडीत पकडलं तर १,००० येन भरावे लागतात. पण त्याहून चांगला मार्ग म्हणजे बॅगा बरोबर न्यायच्याच नाहीत. तिथे ताक्क्यूबिन नावाची सेवा आहे. सकाळी हॉटेलच्या काउंटरवर बॅग द्यायची, पुढच्या मुक्कामाचा पत्ता आणि तारीख सांगायची, साधारण दोन-तीन हजार येन भरायचे. टोकियोची बॅग दुसऱ्या दिवशी क्योतोत हजर असते. फॉर्म जपानीत असतो, तो काउंटरवरचा माणूस भरून देतो. आम्ही याच भरवशावर कोयासानच्या डोंगरावर फक्त पाठीवरच्या पिशव्या घेऊन गेलो, मोठ्या बॅगा परस्पर ओकायामाला पाठवल्या. एक रात्र मध्ये जाते, तेवढ्यापुरते कपडे आणि औषधं मात्र हातात ठेवा. जिन्यांच्या स्टेशनात सासूबाईंचा एक हात कठड्याला आणि दुसरा माझ्या खांद्यावर. त्यात बॅगा असत्या तर आमची फरफट व्हायला वेळ लागला नसता.

आता खाणं. ज्यासाठी बहुतेक जण फोन करतात ते.

जपानी स्वयंपाकाचा पाया दाशी. म्हणजे कोंबू हे समुद्री शेवाळ आणि वाळवलेल्या कात्सुओ माशाचे पातळ काप उकळून काढलेलं पाणी. मिसो सूपमध्ये ते असतं, सोबा-उदोन या नूडल्सच्या रश्श्यात असतं, वरून निव्वळ भाजी दिसणाऱ्या वाटीतही असतं. "व्हेजिटेरियन" म्हटल्यावर समोरचा माणूस मान डोलावतो, मांसाचे तुकडे काढतो आणि आपण समाधानाने मासा पितो. म्हणून मी एक कागद जपानीत छापून नेला होता. मांस नाही, मासा नाही, माशाची दाशी नाही, अंडं नाही, कांदा-लसूण नाही. दूध, तूप, लोणी चालेल. शेवटचं वाक्य महत्त्वाचं, कारण नाही तर ते दहीही काढून टाकतात. आणखी एक, कागदावर 'काय चालतं' हेही लिहा. नुसते नकार वाचून बिचारे घाबरतात.

तरी कागद दाखवला की काम झालं असं नाही. क्योतोत एका छोट्या सोबाच्या दुकानात आम्ही तो दाखवला. आचाऱ्याने नीट वाचला, आत गेला, परत आला, पुन्हा वाचला. मग दोन्ही हातांची फुली करून कमरेत वाकला. रस्सा सकाळीच तयार झालेला होता, दाशी घातलेला. नुसत्या नूडल्स उकडून वर सोया सॉस घालून द्या, असं नवरा खुणांनी सांगत होता. आपल्याकडे कुठल्याही हॉटेलात हे झालं असतं. तो काही तयार होईना. ते त्याच्या दृष्टीने सोबा नव्हतं, आणि जे तो बनवत नाही ते तो गिऱ्हाइकाला वाढणार नव्हता. मला आधी राग आला. नंतर मात्र वाटलं की निदान फसवलं तरी नाही. "बरंय, काही घालणार नाही" असं म्हणून तोच रस्सा पुढे ठेवणारे मी आपल्याकडे पुष्कळ पाहिलेत. क्योतोत नान्झेनजी देवळाच्या आसपास यूदोफू, म्हणजे गरम पाण्यातला तोफू (सोयाबीनचं पनीर) मिळतो. आमच्यासाठी तो बरा पडला. तिथेही पातेल्यातलं पाणी कोंबूचं असलं तरी सोबतच्या सॉसमध्ये मासा असू शकतो, विचारून घ्या. जपानी पद्धतीची करी भाज्यांची दिसली तरी तिच्या तयार मसाल्यात बऱ्याचदा प्राण्यांची चरबी असते.

चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानांत, ज्यांना तिथे कोंबिनी म्हणतात, केळी, सोया दूध, भाजलेले दाणे, साधा भात मिळतो. भाताच्या त्रिकोणांत उमेबोशी म्हणजे आंबट फळाचं सारण असलेला सुरक्षित वाटतो, पण त्यातही माशाचा अर्क असू शकतो. फोनच्या कॅमेऱ्याने वेष्टन वाचून घ्यायचं. साधा भात, मेतकूट आणि प्रवासात जपून ठेवलेलं तूप यावर आमच्या कितीतरी रात्री उत्तम गेल्या. कार्तिकी एकादशीचं काय करायचं, हा मोठाच प्रश्न होता. तो सुपरमार्केटच्या दारातच सुटला. तिथे गरम दगडांवर भाजलेली रताळी ठेवलेली होती, याकी-इमो. मधासारखी गोड, सालासकट कागदात गुंडाळून देतात. सासूबाईंनी विठ्ठलाचं नाव घेतलं आणि दोन खाल्ली.

टोकियोत असाल आणि पोळी-भाजीची आठवण अनावर झाली तर तोझाई मेट्रोने निशी-कसाईला जा. २००० च्या सुमारास संगणक क्षेत्रातले भारतीय तिथे येऊन राहायला लागले, आता किराणा, खानावळी, सगळं आहे. आपले योगेंद्र पुराणिक त्याच एदोगावा वॉर्डातून २०१९ साली नगरसेवक म्हणून निवडून आले. किराणा दुकानात सासूबाईंना हिंग मिळाला. दुकानदाराशी त्या जितका वेळ बोलल्या तितका वेळ आम्ही सेन्सोजी देवळातही थांबलो नव्हतो.

या सगळ्या खटाटोपाचं चीज झालं कोयासानला. ओसाकाच्या नाम्बा स्टेशनवरून नानकाई कंपनीची गाडी, मग शेवटचा चढ केबल कारने, आणि तिथून बस. त्या बसच्या रस्त्यावर पायी चालायला बंदी आहे, तेव्हा "जवळच आहे, जाऊ चालत" करू नका. साधारण आठशे मीटर उंचीवरचं हे गाव शिंगोन बौद्ध पंथाचं ठाणं, कूकाई नावाच्या भिक्षूने ८१६ साली वसवलेलं. शंभराहून जास्त देवळं, आणि त्यांतल्या पन्नासेक देवळांत पाहुण्यांना राहता येतं. अशा मुक्कामाला शुकुबो म्हणतात. जेवण शोजिन र्योरी, भिक्षूंचं: मांस-मासा नाही, अंडं नाही, आणि कांदा-लसूणही नाही! दाशी कोंबू आणि शिताके अळिंब्यांची. म्हणजे आमचा चातुर्मास तिथे बाराही महिने चालू होता.

मी तरी आधी ई-मेल केलंच होतं. त्यात गुडघ्यांचंही लिहिलं होतं, कारण तिथे जमिनीवर बसून छोट्या पायांच्या चौरंगांवर जेवतात. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, आणि प्रश्न विचारायला आलं: मांडी घालता येते का, की पाय लांबच ठेवावे लागतात? खुर्चीची उंची किती हवी? रात्री गादीवरून उठायला आधार लागेल का? सासूबाईंच्या मुलानेही त्यांना इतक्या बारकाईने कधी विचारलं नसेल. पोचलो तेव्हा खोलीत एक टेबल-खुर्ची मांडलेली होती, एकच, त्यांच्यापुरती. जेवणात तिळाचा मऊसूत गोमादोफू, गोठवून वाळवलेल्या तोफूची रसदार भाजी, भोपळ्याचे तळलेले काप, लोणची, भात. प्रत्येक वाटीत काय आहे ते इंग्रजीत हाताने लिहिलेला कागद त्यांच्या ताटाशेजारी होता. रात्रीचं जेवण साडेपाच-सहाला, हे मात्र लक्षात ठेवा. दुपारी उशिरा पोचणाऱ्याला कोणी थांबत नाही. पहाटे पूजेला बसायचं असतं, तिथेही मागच्या बाजूला खुर्च्या होत्या. ओकुनोइन ही देवदारांतली दफनभूमी या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन किलोमीटर आहे. ज्यांना चालवत नाही त्यांनी बसने पलीकडच्या टोकाला उतरावं, तिथून कूकाईच्या समाधीपर्यंतचं अंतर निम्मं होतं.

कोयासान विद्यापीठाच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी तेवढी वाकडी वाट करावीच.

ओकायामाला आम्ही निव्वळ पुणेकरपणापायी गेलो. सिंहगड रस्त्यावरचं पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, म्हणजे पु. ल. देशपांडे उद्यान, जिच्या धर्तीवर केलंय ती कोराकुएन बाग तिथे आहे, १७०० साली पूर्ण झालेली. जपानच्या तीन सर्वांत नावाजलेल्या बागांतली एक. मूळ बाग खूपच मोठी निघाली. मागे काळा किल्ला, मधे हिरवळ, भाताचा एक छोटा तुकडासुद्धा. "आपल्याकडची बरी राखलीये हं," असा निकाल सासूबाईंनी दिला.

टोकियोजवळच्या हाकोनेतल्या रियोकानबद्दल, म्हणजे पारंपरिक जपानी विश्रामगृहाबद्दल, लिहायला हवं, कारण तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांबद्दल बायका दबक्या आवाजात विचारतात. हो, ओन्सेनमध्ये अंगावर काही ठेवायचं नाही. बायका-पुरुषांची जागा वेगळी, लाल-निळ्या पडद्यांवरून कळते. आत शिरण्याआधी अंग साबणाने स्वच्छ धुऊन घ्यायचं, केस वर बांधायचे, छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही. अंगावर गोंदण असेल तर कित्येक ठिकाणी प्रवेश देत नाहीत. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी 'काशिकिरी' म्हणजे तासाभरासाठी आपल्यापुरती मिळणारी न्हाणी आरक्षित करावी. हेही आधी सांगूनच. मी सासूबाईंसाठी तशी केली होती. पण त्या सार्वजनिक जागेत डोकावल्या, तर तिथे बायका बुटक्या स्टुलांवर बसून छोट्या घंगाळातून अंगावर पाणी घेत होत्या. "अगं, हे तर आपल्या माजघरामागच्या न्हाणीघरासारखं आहे," म्हणाल्या आणि शिरल्या आत. मीच बाहेर दोन मिनिटं घुटमळत होते. "ये गं, इथे कोण आपल्याला ओळखतंय!"

रियोकानमध्ये बूट दारात काढून सपाता घालायच्या. तातामीच्या चटईवर सपाताही नकोत. संडासाच्या सपाता वेगळ्या, त्या तिथेच सोडायच्या. युकाता, म्हणजे तिथे मिळणारा सुती किमोनो, नेसताना डावी बाजू उजवीच्या वर येऊ द्या. उलटी नेसवतात ती प्रेताला. खोलीची व्यवस्था बघणारी बाई हे बघून धावत येईल, म्हणून आधीच सांगून ठेवते. तसंच चॉपस्टिक भातात उभ्या खोचायच्या नाहीत आणि एका चॉपस्टिकवरून दुसरीवर घास द्यायचा नाही; दोन्ही मृतांच्या विधींतल्या गोष्टी आहेत. चमचा मागायला लाजू नका, मिळतो. आणि जपानी संडासांत पाण्याची सोय असते, कोमट पाण्याची. युरोपात बाटल्या घेऊन फिरलेल्या माणसांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

क्योतोत गर्दी फार झाली आहे आणि गावकरी कंटाळलेत, हे जाणवतं. बसमध्ये मागून चढायचं, उतरताना पुढे पैसे द्यायचे, शहरात सरसकट २३० येन. मोठी बॅग घेऊन बसमध्ये चढू नका, लोक खरंच वैतागतात. गिओन या गेइशांच्या भागातल्या काही खासगी गल्ल्यांत २०२४ पासून पर्यटकांना मनाई आहे, दहा हजार येन दंडाचे फलक लावले आहेत. गेइशा किंवा माइको (शिकाऊ गेइशा) दिसली तर कॅमेरा घेऊन मागे धावू नका. रस्त्यावर कचऱ्याचे डबे जवळजवळ नसतात; १९९५ साली टोकियोच्या मेट्रोत विषारी वायू सोडला गेला, त्यानंतर पुष्कळ डबे काढून टाकले. पर्समध्ये एक रिकामी पिशवी ठेवा आणि कचरा हॉटेलवर आणा.

विजेचं राहिलं: तिथे १०० व्होल्ट आणि दोन चपट्या पिनांचा प्लग. फोनचे चार्जर अ‍ॅडॉप्टर लावून चालतात, पण इथली प्रवासी किटली किंवा इंडक्शन नेऊ नका, पाणी धड तापत नाही. हॉटेलच्या खोलीत किटली असतेच.

खरेदीसाठी जाणार असाल तर एक तारीख लिहून ठेवा. आतापर्यंत पर्यटकाला एका दुकानात एका दिवसात कर सोडून ५ हजार येनची खरेदी केली की १० टक्के उपभोग कर, खाद्यपदार्थांवर ८ टक्के, तिथल्या तिथे माफ व्हायचा. १ नोव्हेंबर २०२६ पासून ही पद्धत बदलते आहे. आधी करासकट पूर्ण पैसे भरायचे आणि देश सोडताना कस्टम्सची तपासणी झाल्यावर कर परत मिळणार. खरेदीच्या वेळी मूळ पासपोर्ट लागतो, फोनमधला फोटो किंवा झेरॉक्स चालत नाही. घेतलेल्या वस्तू तपासणीत मागू शकतात, तेव्हा त्या चेक-इनच्या बॅगेत तळाशी कोंबू नका, आणि परतीच्या दिवशी विमानतळावर तासभर आधी पोचा.